पूर्ण शिष्यवृत्ती आणि मधले चार महिने

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात, विद्यार्थी गुणगौरवाच्या वेळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहिलं आहे.)



मी सी-००३ मधली. ज्यांना नंबरावरून कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, पंपरूमच्या शेजारचं घर. सध्या मी एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी. अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. मला पूर्ण शिष्यवृत्ती आहे, म्हणून आज सत्कारासाठी बोलावलं. काकू म्हणाल्या, "मुलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोल." प्रेरणा आपल्या मुलांकडे भरपूर आहे. त्यांना माहिती कमी मिळते. म्हणून आज मी हिशेबाचं बोलणार आहे.

आधी परीक्षा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांमध्ये पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाला जायचं तर 'क्लॅट' द्यावी लागते. ही परीक्षा २००८ पासून होते. मी १९ जून २०२२ ला दिली तेव्हा दोन तासांत १५० प्रश्न होते. आता १२० असतात. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापतात. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सर्वसाधारण तर्क आणि थोडं गणित असे पाच भाग. प्रत्येक ठिकाणी आधी एक उतारा वाचायचा आणि मग प्रश्न सोडवायचे. आणि सगळी परीक्षा इंग्रजीत.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत. क्लासची फी परवडणारी नव्हती. बी-२०४ चे काका रोज रात्री नऊला वाचून झालेला इंग्रजी पेपर आमच्या दाराच्या कडीत अडकवायचे. दोन वर्षांत एकदाही चुकले नाहीत, गणपतीतसुद्धा. मी त्यातला अग्रलेख घड्याळ लावून वाचायची. पहिल्या महिन्यात एका अग्रलेखाला पंचवीस मिनिटं लागायची. शेवटी शेवटी पाच मिनिटांवर आलं. माझी तयारी म्हणाल तर मुख्यतः ही.

कायद्याचं ज्ञान या परीक्षेत विचारत नाहीत. नियम तेच देतात, तो लावता येतो का ते बघतात. आपल्या सोसायटीतलंच उदाहरण घेऊ. समजा नियम दिलाय : परवानगीने दुसऱ्याच्या जागेत आलेला माणूस परवानगीची वेळ संपल्यावरही थांबला, तर ते अतिक्रमण. आता हकीकत : पाहुण्याने रात्री दहापर्यंत गाडी लावायची परवानगी घेतली आणि साडेदहाला काढली. जागा रिकामीच होती, कुणाचा खोळंबा झाला नाही. मग अतिक्रमण झालं का? आपल्या मनात येतं, जाऊ दे ना, अर्धा तास तर! पण दिलेल्या नियमात खोळंब्याचा शब्दच नाही. उत्तर 'झालं' असंच. आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून समोरच्या कागदात काय लिहिलंय ते वाचायचं, एवढं जमलं की हा भाग सोपा आहे. पार्किंगच्या मीटिंगा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना तर फारच सोपा!

आता पैशाचं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची फी, होस्टेल आणि मेस धरून वर्षाला काही लाखांत जाते. बाबांची एमआयडीसीतली कंपनी २०१९ ला बंद पडली, तेव्हापासून ते भाड्याची रिक्षा चालवतात. इथल्या बऱ्याच जणांना हे माहीत आहे, कारण त्यानंतर चौदा महिने आमचा मेंटेनन्स थकला होता आणि थकबाकीदारांच्या यादीत आमचं नाव जिन्याखालच्या बोर्डावर होतं. मी त्याची तक्रार करत नाहीये. मेंटेनन्सवरच सोसायटी चालते. पाण्याचं बिल, लिफ्टचं बिल कुणासाठी थांबत नाही. उपविधीप्रमाणे व्याज लागलं, सहकार कायद्याचा उल्लेख असलेली नोटीस आली. बाबांना त्यातलं कळेना म्हणून मी उपविधींचं पुस्तक मागून आणलं आणि व्याजाचा आकडा स्वतः मोजून पाहिला. बरोबर निघाला. कायद्याचा कागद मन लावून वाचण्याची माझी ती पहिली वेळ.

मला मिळालेली शिष्यवृत्ती केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची आहे. नाव 'टॉप क्लास एज्युकेशन'. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना मंत्रालयाच्या यादीतल्या नामांकित संस्थांमध्ये प्रवेश मिळतो आणि ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ती आहे. ट्यूशन फी आणि परत न मिळणारी शुल्कं त्यातून मिळतात. शिवाय राहणं, पुस्तकं, लॅपटॉप यासाठी पहिल्या वर्षी ८६,००० आणि पुढे दरवर्षी ४१,००० रुपये. प्रत्येक संस्थेसाठी जागा ठरलेल्या असतात आणि पुढच्या वर्षी ती चालू राहायची तर पास व्हावं लागतं.

लिफ्टमध्ये एकदा माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "हिचं काय, कोट्यातून गेली, फुकट शिकतेय." मी तेव्हा काही बोलले नाही. आज सगळे समोर आहेत, तर शांतपणे सांगते. हो, मी राखीव जागेवरून गेले. तो माझा घटनेने दिलेला हक्क आहे आणि तो सांगताना मी आवाज खाली करत नाही. राहिलं 'फुकट'. माझ्या आजोबांना शाळेत वर्गाच्या बाहेर बसवत होते. त्यांच्या वाट्याची जी वर्षं गेली, त्यांचं बिल आमच्या घराने आधीच भरलेलं आहे.

आता मुद्द्यावर येते. शिष्यवृत्तीला आपण 'पूर्ण' म्हणतो, पण ती वेळेच्या बाबतीत पूर्ण नसते. त्यात कुणाचा दोष नाही, क्रमच तसा आहे. आधी प्रवेश घ्यायचा, मग अर्ज भरायचा, मग कॉलेज तपासणार, मग मंत्रालय तपासणार, मग पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येणार. पण प्रवेश पक्का करायला पैसे आधीच लागतात. निकालानंतर जागा राखायला समुपदेशन शुल्क, मग पहिला हप्ता, होस्टेल, अनामत. समुपदेशनाचे पैसे बाबांच्या उरलेल्या पीएफमधून गेले. पहिल्या हप्त्याला १ लाख ३५ हजार कमी पडत होते आणि हातात अकरा दिवस होते. शिष्यवृत्ती 'मिळणार' हे नक्की होतं. 'मिळणार' या शब्दावर कुणी पावती फाडत नाही.

त्या आठवड्यात ए-३०१ च्या निवृत्त बाई शंभर पानी वही घेऊन आमच्याकडे आल्या. आईला म्हणाल्या, "देणगी मागायची नाही. उसने मागायचे. परत करायच्या तारखेसकट." नऊ घरांनी प्रत्येकी १५,००० दिले. वहीत नाव, रक्कम, तारीख आणि बाबांची सही. ज्या सचिव काकांच्या सहीने थकबाकीची नोटीस आली होती, त्यांचं नाव वहीत चौथं आहे. नोटीस मात्र त्यांनी मागे घेतली नाही! बाबांनी थकबाकीही हप्त्याहप्त्याने, व्याजासकट फेडली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, याचा मला फार आदर वाटतो.

सप्टेंबरमध्ये मी गेले. शिष्यवृत्ती जानेवारीत खात्यात आली. फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत नऊही नावांपुढे 'मिळाले' अशी सही झाली. ते चार महिने कुणी भरून काढले नसते, तर शिष्यवृत्ती यायच्या आधीच माझी जागा दुसऱ्या कुणाची झाली असती.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. पुढे वाचताना मला दिसलं, मोठ्या माणसांच्या वाटेतही हीच दरी होती. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोचून त्यांनी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धं टाकून त्यांना परत यावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी नोकरी केली, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२३ मध्ये मुंबईत त्यांची वकिली सुरू झाली. आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात, आठवलेच पाहिजेत. पण त्या यादीत उसने देणारा एक मित्रही आहे.

दुसरं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. त्या गुणांवर त्यांना इंग्लंडमध्ये शिकायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती; बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एक विनंती आहे. ए-३०१ ची ती वही कायमची चालू करूया. आपल्या ८४ घरांपैकी चाळीस घरांनी स्वखुशीने, परतीच्या बोलीवर ५,००० रुपयांची तयारी ठेवली, तर २ लाख होतात. एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा पहिला हप्ता त्यात बसतो, आणि शिष्यवृत्ती आली की पैसे पुढच्याच्या कामाला येतात. त्यात आपल्या वॉचमन काकांची आणि झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलंही धरायची.

सोसायटीच्या खात्यातून हे नको. तो पैसा इमारतीचा आहे आणि ऑडिटर विचारतील. बिलात 'शिक्षण व प्रशिक्षण निधी' म्हणून दरमहा १० रुपये लागतात, ते आपल्या मुलांच्या फीसाठी असतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तो निधी सहकाराच्या प्रशिक्षणासाठी असतो. म्हणून आपली वही वेगळी, शेजाऱ्याशेजाऱ्यातली, बिनव्याजी.

पैशाइतकीच कागदांची मदत लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, आधारला जोडलेलं बँक खातं. बारावीचं वर्ष सुरू झालं की लगेच मागे लागायचं. निकालानंतर दाखल्याच्या रांगेत सगळेच असतात. प्रत्येकाला माझीच वाट धरायची गरज नाही. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, आणि १८५५ पासून चालत आलेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आपल्याला लोकलने गाठता येतं. ओबीसी, आर्थिकदृष्ट्या मागास आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'पीएम यशस्वी' आहे. जुलै २०२४ च्या राज्य शासनाच्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. क्लॅटच्या तयारीसाठी गरजू मुलांना शिकवणारी 'इडिया' ही संस्था आहे. प्रा. शमनाद बशीर यांनी ती २०१० मध्ये सुरू केली.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी घरीच असते. त्या दिवसांत दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसमध्ये बसेन. अध्यक्षांनी चावी द्यायचं कबूल केलंय. ज्यांना कोणत्याही शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, त्यांनी कागद घेऊन यावं. प्रिंटर लागेल, तो कुणी दिला तर बरं होईल.

वहीतल्या नऊ घरांची नावं मी मुद्दाम घेत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. पण दहावं नाव कुणाचं, हे आज जेवणाआधी ठरलं तर मला फार आनंद होईल. बाई वही घेऊन उजवीकडच्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.