मोटारींतील सॉकेट बंद पडल्यास

मोटारींतील सिगारेट पेटविण्याचें सॉकेट हल्लीं बहुधा मोबाइल चार्ज करण्यास लागतें. तें बंद पडल्यास प्रथम दुसरें उपकरण लावून पाहावें. कांहीं मोटारींत किल्ली फिरविल्याखेरीज तेथें वीज येत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. तरीही न चालल्यास किल्ली काढून विजेरीनें आंत पाहावें. सॉकेटचा तळ धन, भोंवतालची भिंत ऋण; आंत पडलेलें एखादें नाणें दोहोंस जोडतें आणि फ्यूज वितळतो. फ्यूज उपसून ठेवावा व नाणें लांकडी काडीनें काढावें. नवा फ्यूज पुस्तिकेंत सांगितलेल्याच अँपिअरचा घालावा. १० अँपिअरच्या जागीं ३० चा घातल्यास फ्यूज टिकेल, परंतु तारा तापून मोटार पेट घेऊं शकेल. नवा फ्यूजही वितळला, तर मात्र जाणत्या कारागिरासच दाखवावें.