मेंदूचें द्वार आणि औषधाची गोळी



कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या आमच्या कुरुंदवाडास माझे एक वृद्ध स्नेही राहतात. कंपवातानें त्यांचा हात थरथरतो. गोळी घेतल्यावर कांहीं वेळानें तो स्थिर होतो. परंतु एखादे दिवशीं तीच गोळी व्यर्थ जाते. "औषध बनावट तर नसेल?" असें त्यांनीं मला विचारलें. त्याचेंच उत्तर आज पाहूं.

कंपवातांत मेंदूंतील डोपामीन नांवाचें द्रव्य कमी पडतें. मग तेंच पोटांत कां देऊं नये? कारण मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस घट्ट चिकटलेल्या असतात. दोहोंमधून वाट नाहीं. जावयाचें तें पेशीच्या आवरणांतूनच. हें आवरण स्निग्ध असल्यामुळें प्राणवायु किंवा मद्यार्क त्यांतून सहज पार होतो. साखर, अमिनो आम्लें यांना मात्र आवरणांत बसलेलीं वाहक प्रथिनें लागतात. वाहक रेणूची आकृति ओळखतो, त्यास एका बाजूनें आंत घेतो, आणि स्वतःचा आकार पालटून दुसऱ्या बाजूस सोडतो. डोपामीनला येथें असा वाहक मिळत नाहीं.

लेव्होडोपा हें मात्र अमिनो आम्ल होय. तें अमिनो आम्लांच्या वाहकावरून पलीकडे पोंचतें आणि मग त्याचें डोपामीन बनतें. आपल्या रानांत आढळणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून हें द्रव्य दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं वेगळें केलें होतें. व्हिएन्नांतील डॉक्टरांनीं कंपवातावरील त्याचा गुण १९६१ सालीं प्रसिद्ध केला.

आतां या वाहकास नदीपार जाणारी नाव समजा. नावेंत जागा मोजक्या. दूध, डाळ, अंडीं यांतील प्रथिनें पचलीं कीं त्यांचीं अमिनो आम्लेंही त्याच नावेशीं येतात. गर्दींत औषध मागें राहतें. आंतड्यांतही हाच खोळंबा होतो. माझे स्नेही कधीं उपाशीपोटीं, तर कधीं दुधाबरोबर किंवा उसळीच्या जेवणावर गोळी घेत. डॉक्टरांनीं ती जेवणापूर्वीं अर्धा तास, पाण्याबरोबर घेण्यास सांगितलें. परवां त्यांनीं स्वहस्तें लिहिलेली चिठ्ठी मला पोंचली.

प्रथिनें मात्र वर्ज्य करूं नयेत. वृद्ध देहास त्यांची गरज असते. खाजकुइलीचें चूर्णही आपल्या मनानें खाऊं नये, कारण त्यांत तेंच औषध असतें, पण मापाविना. गोळीची वेळ डॉक्टरांस विचारूनच ठरवावी आणि ती रोज पाळावी.