पकडीचा एक गुण



कबड्डीत चढाईपटूने एका चढाईत चार गडी मारले तर चार गुण मिळतात. पकड कितीही अवघड असो, गुण एकच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना ती साधली, तर अव्वल पकडीचा आणखी एक. बस. या एका गुणासाठी उमेदीची वर्षं देणाऱ्या माणसाबद्दल मला आज बोलायचं आहे.

गिरीश इरनाक कल्याणचा. जुन्या ठाणे जिल्ह्यातला, म्हणजे आपलाच. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, आपला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. गिरीशची जागा डाव्या कोपऱ्यात. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपरारक्षकाला ठरवायला निमिषभर मिळतं. घाई केली तर घोटा हातातून निसटतो आणि आपण बाद. थांबला तर बोनस गेला. आणि पाय हाती आला तरी काम संपत नाही. मध्यरेषा चार पावलांवर असते, ऐंशी किलोचा गडी सगळा जोर लावून तिकडे झेपावत असतो आणि एकट्याच्या हातून तो सुटणारच असतो. मग शेजारचा धावून येतो, त्याच्यामागून तिसरा. गुणपत्रकात पकड एकाच्या नावावर लागते. कंबर आवळून धरणाऱ्या बाकीच्या दोघांचं काय झालं, हे त्यांच्या सोबत्यांना ठाऊक असतं.

जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद परत आणलं. रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखालच्या त्या संघात गिरीश होता. त्याच वर्षी तो जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. १९९० पासून पुरुष कबड्डीचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं, सलग सात. उपांत्य फेरीत इराणने आपल्याला २७–१८ असं हरवलं आणि पदक कांस्याचं मिळालं. आपल्या नावाजलेल्या चढाईपटूंना त्या दिवशी इराणच्या बचावाने जखडून टाकलं. त्या बचावातला फझल अत्राचली प्रो कबड्डीच्या २०१५ च्या विजेत्या यू मुंबा संघातला, आपल्याच लोकांच्या टाळ्या घेतलेला. हरल्याचं दुःख मलाही झालं. पण कोपऱ्यात उभं राहून सामना जिंकता येतो, हे त्या दिवसाइतकं स्पष्ट मी क्वचितच पाहिलं आहे. पुढे काही महिन्यांतच प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणने गिरीशला कर्णधार केलं. बचावपटूला कर्णधार करणारा संघ मला शहाणा वाटतो.

अमेरिकेतल्या त्यांच्या फुटबॉलमध्येही असे बचावपटू असतात. डीकन जोन्स हा त्यातला मोठा माणूस. १९६१ च्या निवडीत तो चौदाव्या फेरीत लॉस एंजेलिस रॅम्सकडे आला. चेंडू फेकण्याआधीच समोरच्या क्वार्टरबॅकला गाठून आडवं करायचं, म्हणजे ‘सॅक’ करायचा, हे त्याचं काम. पण त्या कामाची अधिकृत मोजणी तिथल्या लीगने सुरू केली १९८२ मध्ये, तो निवृत्त होऊन आठ वर्षं झाल्यावर. २०१३ मध्ये तो गेला. २०२१ मध्ये संशोधकांनी जुन्या सामन्यांची कागदपत्रं चाळून हिशेब मांडला, तेव्हा त्याच्या नावावर १७३.५ सॅक भरले, इतिहासात तिसरा क्रमांक. अधिकृत यादीत ते आजही नाहीत. खेळताना आपली नोंद होत नाही हे त्याला माहीत होतं, आणि तरीही प्रत्येक वेळी तो त्याच त्वेषाने धावला. याचं मला फार मोल वाटतं.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण अभियंते होतील, काही हिशेबनीस, काही महापालिकेच्या कचेरीत बसतील. जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, कित्येक घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती. पाऊस जिरवणारी बावखलं आणि पाणी सामावून घेणारी मिठागरं आपल्या वसईची कोपरारक्षक आहेत. ती बुजवून उभ्या राहिलेल्या इमारतीचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. बुजवू न दिलेल्या बावखलाचं उद्घाटन कोणी करत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीतल्या माणसांनी इथे हेच धरून ठेवायचं काम केलं. त्यांच्यामुळे किती घरांत पाणी शिरलं नाही, हा आकडा कुठल्याही कागदावर सापडणार नाही.

एखाद्या दिवशी नकाशावर सही मागायला कोणी तुमच्या टेबलाशी येईल. त्या नकाशात नाला अरुंद केलेला असेल. तुम्ही सही नाकाराल तेव्हा तुमचा हात एकटा असेल. म्हणून आजच शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते नीट बघून घ्या, त्याचा फोन नंबर घ्या, आणि तसा फोन तुम्हाला आला तर धावत जा.