खोडू नका ती रेघ



अध्यापकांपुढे बोलताना अध्यक्षाने गणिताच्या थोरवीपासून सुरुवात करावी असा रिवाज आहे. मी छत्तीसच्या आकड्यापासून करतो. दोघांचं पटेनासं झालं की आपण म्हणतो, त्यांचा छत्तीसचा आकडा. का, तर ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. जागा बदलून ६३ लिहा, लगेच समोरासमोर येतात. हा वाक्प्रचार ज्याला सुचला, त्याने आकड्याची किंमत नव्हे, आकार पाहिला होता.

ही गंमत मी सातवीत सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, ३ फिरवला की ६ होतो." अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. मी बटर पेपरचे तुकडे वाटले. त्यावर ३ गिरवायचा, मधोमध पेन्सिलीचं टोक टेकवायचं आणि कागद अर्धा फेरा फिरवायचा. फिरवला, तर ३ ची शेपटी वर गेली! ६ ची तर खाली असते. मग कागद बाजूने पालथा केला, तेव्हा कुठे ६ उमटला. जरा वाकडा, पण ६च. मुलांनी वहीत मधे ३ काढला. एकीकडे वळणदार बाण आणि उलटा झालेला ३, दुसरीकडे तुटक उभी रेघ आणि तिच्यापलीकडे ६. परिभ्रमण आणि परावर्तन यांतला फरक त्या पानावर होता, आणि पानावर एकही वाक्य नव्हतं.

मी चित्र-टिपण म्हणतो ते हे. मूळ आकृती, तिची प्रतिमा, आणि एकीपासून दुसरीपर्यंतची वाट. पहिल्या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात छापलेल्या असतातच. वाट मात्र ज्याची त्याने काढावी लागते.

आणि नेमकी तीच आपण खोडायला लावतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मुलीचे गुण कापले होते. तिने त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूपासून आरशाच्या रेषेवर लंब टाकले होते, पलीकडे तेवढंच अंतर मोजून खुणा केल्या होत्या. पान तुटक रेघांनी भरलेलं. मी लाल शाईने लिहिलं, 'कच्चे काम मागील पानावर करावे.' पक्कं काम तेच होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता एक उदाहरण, फळ्याऐवजी बोलून दाखवतो. त्रिकोण अबक घ्या: अ (१, १), ब (४, १), क (१, ३). उभ्या अक्षात परावर्तन केलं की अ जातो (-१, १) वर. तोच त्रिकोण आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने काटकोनातून फिरवला, तरी अ जातो (-१, १) वरच! एकच बिंदू तपासून 'आलं उत्तर' म्हणणारा मुलगा इथे हमखास फसतो. ब मात्र पहिल्या वेळी (-४, १) वर आणि दुसऱ्या वेळी (-१, ४) वर जातो. चित्र काढलेल्या मुलाला आणखी एक गोष्ट दिसते. अ, ब, क असं बोट फिरवत गेलं की परावर्तनात बोटाची दिशा उलटते, परिभ्रमणात उलटत नाही. 'क्षच्या जागी वजा य' हे परिभ्रमणाचं सूत्र मग त्या चित्राशेजारी लिहावं. आधी लिहिलं, तर वजा चिन्ह कुठे लावायचं याचीच वर्षभर मारामारी.

हे काही नवं खूळ नव्हे. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातल्या चौथ्या सिद्धांतात एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला आहे. १८७२ मध्ये एरलांगेनला फेलिक्स क्लाइनने, वयाच्या तेविसाव्या वर्षी, भूमितीची व्याख्याच अशी मांडली की हलवाहलव करूनही जे बदलत नाही त्याचा अभ्यास म्हणजे भूमिती. आपल्याकडे सममिती, एकरूपता, समरूपता हे तीन धडे तीन डब्यांत बंद असतात; मुलांना ते एकाच गाडीचे वाटत नाहीत.

एक धोका सांगतो. चित्र-टिपण म्हटलं की स्केचपेनं, चकाकी, सजवलेली शीर्षकं सुरू होतात, आणि पालक त्या वहीचे फोटो पाठवतात. त्यात बाण नसेल, अंतर मोजलेलं नसेल, तर ती भेटकार्डं झाली. मला दोन रंग पुरतात: मूळ आकृती पेन्सिलीने, प्रतिमा निळ्या शाईने. आणि चुकलेली प्रतिमा खोडायची नाही, तिच्यावर फक्त काट मारायची. मुलाने कुठे वळण चुकवलं हे मला दुसऱ्या कुठल्याच कागदावर वाचता येत नाही.

प्रत्येकाच्या खुर्चीवर बटर पेपरचा तुकडा आणि पेन्सिल ठेवली आहे. दोन समांतर रेषा आखा, तुमच्या नावाचं पहिलं अक्षर आधी एकीत आणि मग दुसरीत परावर्तित करा, आणि ते किती सरकलं ते रेषांमधल्या अंतराशी ताडून पाहा. जेवणाला अजून पंधरा मिनिटं आहेत. खोडरबर ठेवू नका, असं मी आयोजकांना आधीच सांगून ठेवलंय.