नेमकी कळ कोणती?



शहापूर-मुरबाडकडील कित्येक घरांना खोल्या जोडल्या गेल्या, तशा तारा वाढल्या. पेटीवरील चिठ्ठ्या मात्र पहिल्याच राहिल्या. मग सॉकेट बदलताना आपण एकेक एम.सी.बी. पाडतो आणि "गेली का?" अशा हाका मारीत बसतो. शोधयंत्राने हा खटाटोप वाचतो. त्याचा एक भाग चालू सॉकेटात खोचला की तारेतून खूण जाते. दुसरा पेटीवरून फिरवला की नेमक्या एम.सी.बी.पाशी वाजतो. (अमेरिकेतल्या नातलगाने १२० व्होल्टचे धाडले असेल, तर ते आपल्या २३० व्होल्टांवर लावू नये.)

पण घरात इन्व्हर्टर असला, तर एम.सी.बी. पाडल्यावरही तो तीच तार जिवंत ठेवू शकतो! तोही बंद करावा. टेस्टर दुसऱ्या चालू सॉकेटात पेटतो का ते पाहावे, आणि मगच आपली तार तपासावी.