काटकसर कोणाची आणि कोणासाठी?

(घाटंजी येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश या कापसाच्या मुलखात शेतकऱ्याला उदंड मिळालेला आहे. देणारे बहुधा गाद्यागिरद्यांवर बसलेले असतात. अंथरूणच कोणी ओढून नेले तर पाय किती आखडावेत, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. म्हणून घाटंजीत साधेपणाविषयी बोलायचे तर आरंभ गाडगेबाबांपासून करावा लागतो. कारण सावकारी त्यांनी पोथीत वाचली नव्हती, घरात भोगली होती.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले आणि आई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. मामा चंद्रभान कष्टाळू शेतकरी. तरीही त्यांची जमीन सावकाराने गिळली व त्या धक्क्याने ते खचून गेले. या घरात उधळपट्टी नव्हती. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे वाचण्याची विद्या मात्र नव्हती.

या घटनेमागे मोठे अर्थकारण होते. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. जमीन विकता व गहाण टाकता येऊ लागल्याने सावकाराला तारण आयतेच मिळाले. भाव दूरच्या बाजारात ठरणार आणि कर्ज गावात फिटणार, ही विसंगती तेव्हापासूनची आहे.

हे सारे पाहिलेल्या डेबूजीने काटकसरीचा अर्थच बदलला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाची पंगत न देता त्याने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले असतील. पण ऋण काढून सण करण्याच्या रूढीवर तो पहिला घाव होता. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खापर आणि झाडू. पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथे स्नानाने ऋण फिटते या श्रद्धेने यात्रा भरे. तेथे चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी तो टोपल्यांनी वाळू वाहून टाकू लागला. ऋण पाण्याने फिटत नाही, हे त्याच्याहून कोणाला अधिक ठाऊक असणार!

कीर्तनात बाबा लोकांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. नवसाचा बोकड, कर्जाचे लग्न, दारू, शिवाशीव यांवर ते कोरडे ओढीत. हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे होते. म्हणजे वाचलेला पैसा गाडग्यात पुरायचा नव्हता. तो पुढच्या पिढीच्या हाती अक्षर होऊन यायचा होता.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कापसाचा भाव काटकसरीने वाढत नाही. 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना आता उरलेली नाही. 19 मार्च 1986 रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवन संपविले. त्यानंतर अशा बातम्यांची मोजदाद करावी लागली. अशा घरी जाऊन लग्नाचा खर्च काढणारा कार्यकर्ता सावकाराचाच वकील ठरतो. भाव, पतपुरवठा, सिंचन यांची लढाई सोडून केलेला साधेपणाचा प्रचार म्हणजे भुकेल्याला उपवासाचे पुण्य सांगणे होय.

आणि तो प्रचार करण्याचा अधिकार तरी कोणाला? आज मोटारींच्या रांगा लावून पुढाऱ्यांच्या घरची लग्ने होतात, त्या मांडवात आपलेही कार्यकर्ते दिसतात. बाबांच्या हातून लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांचे अन्न खापरातच राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी लोकवर्गणीतून उभारली होती. 1949 मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी.