वारा झेलणाऱ्याचं बक्षीस



आपल्या लाखांदूर-वडसा पट्ट्यातले रस्ते सपाट. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये डांबराची पट्टी. असा रस्ता पाहिला की सायकल शर्यतीत पहिल्यांदा उतरणाऱ्या पोराला वाटतं, इथे घाट नाही, चढ नाही, ज्याच्या पायांत जोर तो जिंकणार. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. सपाट रस्त्यावरची शर्यत एकट्याच्या पायांनी क्वचितच जिंकता येते. ती क्लबातले सोबती जिंकून देतात, आणि बक्षीस घ्यायला मात्र मंचावर एकटाच चढतो.

याचं कारण वारा. वारा सुटलेला नसला तरी सायकल वेगात निघाली की समोरची हवा भिंतीसारखी उभी राहते. तासाला वीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याने वेग दुप्पट केला, तर हवा कापायला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. पण तोच सायकलस्वार दुसऱ्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटून राहिला, तर त्याचे कष्ट पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाचतात. म्हणून शर्यतीत चारपाच सोबती ओळ धरतात. पुढचा थोडा वेळ हवा कापतो, मग बाजूला सरून ओळीच्या शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. वारा आडवा असेल तर ओळही तिरपी होते. मोकळ्या बांध्यांमधून येणाऱ्या वाऱ्यात हे ज्याला जमत नाही, तो मागे पडतो, मग सायकल कितीही महागाची असो.

खरी गंमत यापुढे आहे. समजा, क्लबातला एक गडी घोळक्यातून निसटून पुढे गेला. मागे राहिलेल्या त्याच्या सोबत्यांनी आता काय करायचं? पाठलाग करणाऱ्यांच्या मागे गुपचूप बसायचं आणि पुढे येऊन वारा झेलायला नकार द्यायचा. रस्त्याकडेला उभ्या माणसाला वाटतं, हे पोरगं आळशी आहे. प्रत्यक्षात ते काम करत असतं. उलट दुसऱ्या क्लबाचा गडी निसटला, तर ह्यांनीच पुढे होऊन जीव तोडून त्याला गाठायचं. आणि शेवटच्या एकदोन किलोमीटरला क्लबातल्या सगळ्यात वेगवान सोबत्याला पाठीमागे घेऊन वेग वाढवत न्यायचं, रेघ टप्प्यात आली की बाजूला व्हायचं. बाजूला होणारा विसावा येतो, पंचविसावा येतो. निकालाच्या कागदावर त्याचं नावही कुणी वाचत नाही.

आपल्याकडच्या शंकरपटात असं होत नाही. पटात जोडी जिंकते. डावा बैल जिंकला की उजवा, असं कुणी विचारत नाही.

सोबत्यासाठी झिजणाऱ्याची फ्रान्समधली एक गोष्ट सांगतो. १९३४ सालची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत. रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच ती शर्यत धावत होता आणि डोंगरात सगळ्यांना भारी पडत होता. त्याच्या संघाचा म्होरक्या होता आंतोनँ मान्य. पिरनीज डोंगरात मान्यचं चाक मोडलं, तेव्हा व्हिएतोने आपलं चाक काढून त्याला दिलं आणि स्वतः रस्त्याकडेच्या भिंतीवर मदतीची वाट पाहत बसून राहिला. त्याचा तो रडवेला फोटो पुढे जगभर गाजला. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत आला. व्हिएतो पुढे निघून गेला होता. तो मागे फिरला, जिथून आला होता तिकडे परत गेला आणि म्होरक्याच्या मदतीला पोचला. मान्य ती टूर जिंकला, व्हिएतो पाचवा आला. पण फ्रान्समधल्या लोकांनी जास्त लक्षात ठेवलं ते व्हिएतोला. टूर त्याला पुढे कधीच जिंकता आली नाही.

आपल्या महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटलं की मुंबई-पुणे शर्यत आठवते, आणि बोरघाटात सगळ्यांच्या आधी वर पोचणारा 'घाटाचा राजा'. अलीकडची मोठी नावं लांब पल्ल्याची आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोन वर्षांनी आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. या शर्यतीत एकट्याने उतरणाऱ्याला दुसऱ्याच्या आड लपून वारा चुकवायला बंदी असते. तरीही एकटा धावणारासुद्धा तिथे एकटा नसतो. मागच्या गाडीतली माणसं त्याला खाऊपिऊ घालतात, रस्ता सांगतात, डोळा लागला तर उठवतात. त्यांच्या गळ्यात मात्र पदक पडत नाही.

आता आपल्या तालुक्याच्या गोष्टीवर येतो. सव्वीस जानेवारीला, गावच्या मंडईला किंवा एखाद्या जयंतीला सायकल शर्यत ठेवायची हौस आपल्याकडे आहे, आणि ती चांगली आहे. शर्यत ठेवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली रस्त्याची. कापणीनंतर शर्यत असेल तर आदल्या दिवशी सगळा मार्ग पाहून घ्या. रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावर सायकलचं चाक घसरतं, आणि घोळक्यात एक पडला की मागचे पाच पडतात. हेल्मेट नसलेल्याला रेघेवर उभंच करू नका, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना.

दुसरी बक्षिसाची. पहिला, दुसरा, तिसरा ही बक्षिसं असू द्या. त्यासोबत एक बक्षीस क्लबाला, शाळेला किंवा गावाला ठेवा. हिशेब अवघड नाही. एका संघातल्या पहिल्या तिघांच्या वेळा लिहायच्या, बेरीज करायची, ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो संघ पहिला. मोठ्या शर्यतींतही संघाचा निकाल असाच काढतात. गियरच्या सायकली आणि साध्या सायकली यांचे गट तेवढे वेगळे ठेवा, नाहीतर शाळेत रोज साध्या सायकलवर जाणाऱ्या मुलामुलींना भाग घेण्यात काहीच अर्थ उरणार नाही. मुलींचा संघ जरूर काढा. रोज पाचपाच किलोमीटर सायकल हाणत शाळेत येणाऱ्या पोरी आपल्या तालुक्यात आधीच तयार आहेत. आणि संघाचं बक्षीस देताना सगळ्यांना वर बोलवा, विसावा आलेल्यालाही.